संदर्भाचा धागा : संगणकीय अक्षरजुळणीतील निर्देश-आज्ञा

एका कोठीची अनेक नावे

दिल्लीच्या उत्तरेस असलेल्या खडकाळ टेकडीवर महानगरपालिकेचे एक मोठे रुग्णालय आहे. लोक त्याला नुसते 'हिंदूराव' म्हणून ओळखतात. हे नाव कागलच्या घाटगे घराण्यातील एका मराठा सरदाराचे आहे, हे तेथे येणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना ठाऊक असेल. सर्जेराव घाटगे यांचे पुत्र आणि दौलतराव शिंदे यांच्या पत्नी बायजाबाई यांचे बंधू ते हे हिंदुराव. १८३३ मध्ये बायजाबाईंना ग्वाल्हेर सोडावे लागले आणि पुढे हिंदुराव दिल्लीस येऊन राहिले. विल्यम फ्रेझर या इंग्रज अधिकाऱ्याचा मार्च १८३५ मध्ये खून झाला. त्याने टेकडीवर बांधलेली कोठी हिंदुरावांनी विकत घेतली आणि तेव्हापासून ती त्यांच्याच नावाने ओळखली जाऊ लागली. १८५७ च्या जून महिन्यात इंग्रज फौजेने या टेकडीवर तळ दिला व सप्टेंबरातील हल्ल्यापर्यंत हीच कोठी त्या तळाची सर्वांत मोक्याची चौकी होती. सिरमूर पलटणीतील गुरख्यांनी ती लढवली. कोठीपासून जवळच, फिरोजशाह तुघलकाने मीरतेहून आणवलेला आणि पुढे दारूच्या स्फोटात पाच तुकडे झालेला अशोकस्तंभ १८६७ मध्ये पुन्हा उभारण्यात आला.

वरील परिच्छेद जेमतेम अर्ध्या पानाचा आहे. परंतु एखाद्या अभ्यासकास तो आपल्या ग्रंथात साधार लिहावयाचा असेल, तर त्याला किती प्रकारची साधने धुंडाळावी लागतील याचा विचार करावा. शिंदेशाहीसाठी मराठी पत्रे आणि बखरी, वेढ्यासाठी इंग्रज अधिकाऱ्यांच्या आठवणी, स्तंभासाठी त्याच्या चौथऱ्यावरील लेख. या साधनांत खुद्द नायकाचे नावही एकसारखे आढळत नाही. मराठीत ते 'हिंदुराव' आहे, दिल्लीच्या पाट्यांवर कधी 'हिंदूराव' तर कधी तुटक 'हिन्दू राव' आहे, आणि जुन्या इंग्रजी पुस्तकांतील रोमन लेखनाची तऱ्हा आणखी निराळी आहे. वाक्य आणि त्याचे साधन यांना जोडणारा धागा कोठे तुटला, तर वाचकाच्या हाती लेखकाच्या शब्दावर विश्वास ठेवण्यावाचून काहीच उरत नाही. लेखकाचे म्हणणे पडताळून पाहण्याचा वाचकाचा अधिकार ज्या लहानशा खुणेवर अवलंबून असतो, तिला आपण संदर्भनिर्देश म्हणतो.

जुळाऱ्याच्या हातून यंत्राकडे

शिशाच्या खिळ्यांच्या काळी हा धागा माणसांच्या हातांनीच विणला जात असे. लेखक हस्तलिखिताच्या समासात आकडा घाली, जुळारी तो वरच्या बाजूस बारीक खिळ्याने बसवी, आणि तळटीप त्याच पानावर मावते की नाही हे पान बांधताना पाहिले जाई. ऐन वेळी एक टीप वाढली, तर तिच्या पुढचे सर्व आकडे बदलावे लागत. मुद्रिते तपासणाऱ्याची नजर एकदा चुकली, की सत्राव्या टिपेचा आधार अठराव्या विधानाला चिकटे व तो ग्रंथ तसाच ग्रंथालयांत जाऊन बसे.

ग्रंथसूचीचे कामही तितकेच कष्टाचे होते. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातील मराठी मुद्रित पुस्तकांची सूची सिद्ध करून १९४३ मध्ये प्रसिद्ध केली. तिचा पुढील खंड १९६१ मध्ये आला. या प्रचंड कामात प्रत्येक नोंद हातानेच लिहिली, लावली आणि तपासली गेली. लेखक, शीर्षक, प्रकाशक, वर्ष, पृष्ठे हे नोंदीचे घटक ठरलेल्या क्रमाने मांडावयाचे, ही शिस्त अशा सूचिकारांनीच घालून दिली. संगणकाने ही शिस्त शोधून काढली नाही. त्याने ती पाळण्याचे काम तेवढे आपल्या अंगावर घेतले.

१९७७ मध्ये अमेरिकी गणिती डोनाल्ड क्नूथ यांच्या ग्रंथाच्या नव्या आवृत्तीची मुद्रिते त्यांच्या हाती आली. प्रकाशजुळणीने तयार झालेली ती पाने पाहून त्यांची निराशा झाली व अक्षरजुळणीची आज्ञावली आपणच लिहावी असे त्यांनी ठरवले. १९७८ मध्ये तिचे पहिले रूप तयार झाले. तीच 'टेक्' ही प्रणाली होय. लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९८० नंतरच्या काही वर्षांत तिच्यावर 'लाटेक्' ही अधिक सुलभ प्रणाली रचली. ओरेन पटाश्निक यांनी १९८५ मध्ये ग्रंथसूचीसाठी 'बिबटेक्' ही जोड दिली. ग्रंथांची माहिती एका वेगळ्या संचिकेत साठवावी आणि मजकुरात केवळ तिचा निर्देश करावा, ही कल्पना त्याआधी ब्रायन रीड यांच्या 'स्क्राइब' या प्रणालीत आलेली होती. बिबटेक् ने ती सर्वदूर नेली.

या पद्धतीचे मर्म थोडक्यात असे सांगता येईल. लेखकाने ग्रंथाची माहिती एकदाच, घटकवार नोंदवावी आणि त्या नोंदीस एक खूण द्यावी. उदाहरणार्थ, 'गोडसे१९६६'. मजकूर लिहिताना जेथे आधार द्यावयाचा तेथे निर्देशाची आज्ञा व ही खूण एवढेच लिहावे. आकडा पडेल की लेखकाचे नाव व वर्ष येईल, ते कंसात असेल की तळटिपेत, हे सर्व आज्ञेने ठरवावे. पहिल्या फेरीत संगणक केवळ खुणा गोळा करतो. दुसरी आज्ञावली त्या खुणांच्या नोंदी शोधून, वर्णानुक्रमे लावून देते. त्यापुढील फेरीत त्या आपापल्या जागी उतरतात. ज्या खुणेची नोंद सापडत नाही तेथे यंत्र निमूटपणे काहीतरी छापून मोकळे होत नाही. ते उणीव दाखवणारी खूण पानावर उमटवते व लेखकाला सूचनाही देते. शिशाच्या खिळ्यांना हे जमत नव्हते.

आज्ञेची घडण

प्रारंभी लाटेक् मध्ये निर्देशाची आज्ञा एकच होती आणि ती चौकोनी कंसात आकडा छापत असे. गणित वा पदार्थविज्ञानाच्या निबंधास एवढे पुरते. इतिहासाच्या लेखकाला मात्र ते पुरत नाही, कारण त्याचा वाचक वाक्य वाचता वाचताच 'हे कोण म्हणतो, आणि केव्हा?' असे विचारत असतो. म्हणून पॅट्रिक डेली यांच्या 'नॅटबिब' या संचाने दोन आज्ञा वेगळ्या केल्या. एकीत लेखकाचे नाव वाक्याचा भाग होऊन येते आणि फक्त वर्ष कंसात जाते. दुसरीत नाव व वर्ष दोन्ही कंसात जातात. हा भेद दिसावयास लहान आहे. परंतु 'वाक्यात कर्ता कोण?' हा व्याकरणाचा प्रश्न त्यामुळे आज्ञेच्या रचनेत शिरला.

फिलिप लेहमान यांनी २००६ च्या सुमारास 'बिबलाटेक्' हा संच हाती घेतला आणि पुढे इतरांनी तो चालू ठेवला. या संचाचे वैशिष्ट्य असे की, त्याने तयार आज्ञा तर दिल्याच, शिवाय नवी आज्ञा कशी घडवावी याचा साचाही लेखकाच्या हाती दिला. त्या साच्याचे चार मुख्य भाग आहेत. पहिला भाग सर्व निर्देशांच्या आधी एकदाच चालतो. 'पाहा' किंवा 'तुलना करा' असे जे शब्द लेखकाने दिले असतील ते तो छापतो. दुसरा भाग प्रत्येक ग्रंथासाठी पुन्हापुन्हा चालतो. नाव, वर्ष वा शीर्षक छापण्याचे आणि हवे असल्यास शब्दसूचीकडे नोंद धाडण्याचे काम त्याचे. तिसरा भाग दोन ग्रंथांच्या मध्ये काय यावे, अर्धविराम की स्वल्पविराम, हे सांगतो. चौथा शेवटी एकदाच चालतो व पृष्ठांक छापतो. या चारांभोवती एक वेष्टनही घालता येते. तेच ठरवते की हा सर्व ऐवज कंसात ठेवावा की तळटिपेत पाठवावा.

दुसरा भाग वारंवार चालतो आणि पहिला व चौथा एकेकदाच, ही गोष्ट आज्ञा रचणाऱ्याने नीट ध्यानात ठेवली पाहिजे. पृष्ठांक छापण्याचे काम चुकून दुसऱ्या भागात टाकले, तर तीन ग्रंथांच्या एकत्र निर्देशात एकच पृष्ठांक तिघांनाही चिकटेल. दोन ग्रंथांना नसलेला आधार मिळेल आणि पान मात्र अगदी नीटनेटके दिसेल. निर्देश-आज्ञांतील सर्वांत घातक चुका अशाच असतात. त्या डोळ्यांना खुपत नाहीत.

पृष्ठ, लेखांक आणि आवृत्ती

तयार आज्ञा पाश्चात्त्य विद्यापीठांच्या गरजेतून घडल्या आहेत, त्यामुळे निर्देशाच्या शेवटी येणारा आकडा पृष्ठाचाच असणार असे त्या गृहीत धरतात. मराठी इतिहासाच्या साधनांत तसे नसते. वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचे बावीस खंड प्रसिद्ध केले. त्यांतील पत्राचा निर्देश खंड व लेखांक देऊन करण्याची प्रथा आहे. गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे पंचेचाळीस भाग संपादित केले. तेथेही भागाचा व पत्राचा क्रमांक हाच खरा पत्ता होय. अशा ग्रंथापुढे यंत्राने आपण होऊन 'पृ.' छापले, तर वाचक भलत्याच पानावर जाऊन पोहोचेल. बिबलाटेक् मध्ये प्रत्येक नोंदीबरोबर 'या ग्रंथातील स्थान कशाने मोजावयाचे' हे नोंदवण्याची सोय आहे. कोठे पृष्ठ, कोठे श्लोक, कोठे ओळ. तिच्यात 'लेखांक' हे आपले मोजमाप बसवणे हे मराठी आज्ञा रचणाऱ्याचे पहिले कर्तव्य होय.

आवृत्तीचा प्रश्न याहून नाजूक आहे आणि हिंदुरावांच्या घराण्यापाशीच त्याचे उत्तम उदाहरण मिळते. बायजाबाई मोठा यज्ञ करणार असल्याची वार्ता ऐकून वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये उत्तरेस निघाले. त्या प्रवासात त्यांनी झाशीचा पाडाव डोळ्यांनी पाहिला. पुढे त्यांनी लिहून ठेवलेला 'माझा प्रवास' हा वृत्तान्त चिं. वि. वैद्य यांनी संपादून १९०७ मध्ये प्रसिद्ध केला. परंतु वैद्यांनी मूळ मजकुरात फेरफार केले होते. मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदार यांनी सिद्ध केलेली आवृत्ती १९६६ मध्ये निघाली. अमृतलाल नागर यांनी त्याच वृत्तान्ताचा हिंदीत अनुवाद केला आणि या शतकात इंग्रजी अनुवादही झाले.

आता 'गोडसे असे सांगतात' एवढाच निर्देश असलेले वाक्य पाहावे. ते गोडशांचे आहे की वैद्यांचे, हे वाचकाने कसे ओळखावे? १९०७ आणि १९६६ ही येथे छपाईची दोन वर्षे एवढेच नसून दोन निरनिराळे पाठ आहेत. म्हणून नोंदीत लेखक, संपादक, अनुवादक, मूळ प्रकाशनाचे वर्ष आणि प्रत्यक्ष वापरलेल्या आवृत्तीचे वर्ष हे घटक वेगवेगळे ठेवावे लागतात व आज्ञेने त्यांतील योग्य तोच छापावा लागतो. अनुवाद वाचून मूळ ग्रंथाचा निर्देश करणे हा विद्येच्या व्यवहारातील एक जुना दोष आहे. चांगली रचलेली आज्ञा तो करणे निदान अवघड करून ठेवते.

मराठी वाक्य आणि परकी आज्ञा

इंग्रजी वाक्यात लेखकाचे नाव कर्ता असो वा कर्म, त्याचे रूप बदलत नाही. नावापुढे लगेच कंसात वर्ष आले तरी वाक्य अडखळत नाही. मराठीत मात्र नावाला विभक्तीचा प्रत्यय लागतो आणि प्रत्ययापूर्वी नावाचे सामान्यरूप होते. राजवाडे यांचे 'राजवाड्यांनी' होते, दाते यांचे 'दात्यांनी', गोडसे यांचे 'गोडशांनी'. नोंदीत साठवलेले नाव 'राजवाडे' असे आहे. यंत्राने ते छापले, त्यापुढे कंसात १८९८ घातले आणि लेखकाने कंसानंतर 'नी' जोडला, तर जे तयार होईल त्यास मराठी म्हणता येणार नाही.

या अडचणीतून सुटण्याचा मार्ग मराठीच्या रूढ शिष्टाचारात आधीच आहे. आदरार्थी 'यांनी', 'यांना', 'यांच्या' हे शब्द नावानंतर स्वतंत्रपणे येतात व प्रत्ययाचा भार आपल्यावर घेतात. त्यामुळे नावाचे मूळ रूप अबाधित राहते. म्हणून मराठी आज्ञेस खूण आणि स्थान या दोन जागांखेरीज तिसरी जागा द्यावी, ती या शब्दासाठी. लेखकाने तेथे 'यांनी' लिहिले, की यंत्राने 'राजवाडे यांनी (१८९८)' असे छापावे. बिबलाटेक् मध्ये ही रचना दोन तयार आज्ञा जोडून साधते. पहिली केवळ लेखकाचे नाव छापते व दुसरी त्याच ग्रंथाचे केवळ वर्ष कंसात देते. नाव छापणारी आज्ञा 'हा ग्रंथ येथे उल्लेखिला' अशी नोंद यंत्राच्या स्मरणात करीत नाही, त्यामुळे एकच निर्देश दोनदा मोजला जाण्याची भीतीही राहत नाही.

अंक आणि वर्षे यांचीही अशीच व्यवस्था लावावी लागते. टेक् ला मुळात इंग्रजी वळणाचे अंकच संख्या म्हणून कळतात. नागरी अंक त्याच्या लेखी नुसती अक्षरे असतात. यास्तव नोंदीत वर्ष इंग्रजी अंकांनी साठवावे व छापताना त्याचे नागरी रूप करावे, हे श्रेयस्कर होय. एकाच लेखकाचे एकाच वर्षी दोन ग्रंथ निघाले, तर इंग्रजी पद्धतीत वर्षापुढे त्या भाषेतील पहिली अक्षरे लावतात. मराठीत तेथे अ, ब, क, ड हा शाळेपासून परिचित असलेला क्रम शोभतो. जुन्या पुस्तकांवर केवळ शक छापलेला असतो. त्यात ७८ मिळवल्यास इसवी सन येतो, मात्र शकवर्षाच्या अखेरच्या महिन्यांसाठी ७९ मिळवावे लागतात. ग्रंथावर महिना नसेल, तर दोन्ही वर्षे देणे हाच प्रामाणिक मार्ग.

आद्याक्षरे आणि वर्णक्रम

त्र्यंबक शंकर शेजवलकर हे नाव आपण 'त्र्यं. शं. शेजवलकर' असे संक्षेपाने लिहितो. पहिल्या अवयवाचा संक्षेप 'त.' असा कोणी मराठी माणूस करणार नाही, कारण आपल्या दृष्टीने अक्षर म्हणजे स्वरासहित उच्चारला जाणारा संपूर्ण समूह. संगणकात मात्र 'त्र्यं' हे सहा चिन्हांनी बनलेले असते. त, हलन्त, र, पुन्हा हलन्त, य आणि अनुस्वार. नावाचे केवळ पहिले चिन्ह उचलणारी आज्ञावली 'त' वर थांबते. थोडी अधिक जाणती आज्ञावली हलन्तापर्यंत जाऊन 'त्' देते. दोन्ही चूकच. युनिकोड या जागतिक लिपिसंहितेच्या नियमांत असे जोडाक्षर एकसंध मानण्याची तरतूद २०२३ मधील १५.१ या आवृत्तीत झाली. जोवर सर्व आज्ञावल्या हा नियम पाळीत नाहीत, तोवर नोंद करतानाच संक्षिप्त रूप हाताने लिहून ठेवणे शहाणपणाचे.

सूचीचा क्रमही असाच जपावा लागतो. लिपिसंहितेत 'ळ' हा 'ल' च्या लगेच पुढे बसवलेला आहे. मराठी वर्णमालेत तो 'ह' नंतर येतो आणि त्याच्याही पुढे क्ष व ज्ञ येतात. संस्कृत कोशांत मात्र क्ष हा 'क' च्याच पोटात सापडतो. यांपैकी कोणता क्रम घ्यावा हे संपादकाने ठरवावे. परंतु काही न ठरवता केवळ चिन्हांच्या क्रमांकांवर सूची सोडून दिली, तर ग्रंथालयात बसलेला वाचक नोंद जेथे शोधील तेथे ती नसेल आणि ग्रंथ सूचीत नाहीच असे समजून तो पुढे जाईल.

'तत्रैव' चा धोका

लागोपाठच्या दोन टिपांत एकाच ग्रंथाचा आधार असेल, तर दुसऱ्या टिपेत 'तत्रैव' एवढेच लिहिण्याची प्रथा आहे. बरेच मागे उल्लेखिलेल्या ग्रंथासाठी 'उ. नि.' म्हणजे उपरिनिर्दिष्ट असे लिहितात. दोन्हींनी जागा वाचते. परंतु 'तत्रैव' ला स्वतःचा असा अर्थ नसतो. तो वरच्या ओळीतून येतो. गोडशांचा निर्देश आणि त्याखालील 'तत्रैव' यांच्यामध्ये लेखकाने ऐन वेळी एका इंग्रज अधिकाऱ्याच्या आठवणींची टीप घातली, तर गोडशांची साक्ष क्षणात त्या अधिकाऱ्याच्या नावावर जाते. १८५७ च्या इतिहासात साक्ष कोणत्या बाजूची आहे हाच जेथे प्रश्न असतो, तेथे एवढी एक चूक संपूर्ण विवेचनाचा पायाच हलवते.

म्हणून जाणत्या आज्ञेत लेखक 'तत्रैव' हा शब्द स्वतः लिहीतच नाही. तो प्रत्येक ठिकाणी ग्रंथाची पूर्ण खूण लिहितो आणि मागील निर्देश याच ग्रंथाचा होता काय हे यंत्र पाहते. बिबलाटेक् च्या कडक पद्धतीत मजकूर आणि तळटिपा यांचा हिशेब वेगवेगळा ठेवला जातो. मागील टिपेत दोन ग्रंथ असतील, तर संदिग्धता नको म्हणून 'तत्रैव' छापलेच जात नाही. पान उलटल्यावर येणाऱ्या पहिल्या निर्देशात नाव पुन्हा द्यावे, अशी व्यवस्थाही करता येते. मध्ये एक टीप घातली किंवा काढली, की पुढील फेरीत सारे हिशेब आपोआप नव्याने मांडले जातात.

यंत्राची मर्यादा

एवढे सारे केल्यानंतरही एक गोष्ट यंत्राच्या आवाक्याबाहेरच राहते. लेखकाने ग्रंथ खरोखर वाचला आहे की नाही, हे कोणतीही आज्ञा तपासू शकत नाही. नोंदीत वर्ष चुकीचे लिहिले असेल, तर ती चूक यंत्र अत्यंत निष्ठेने प्रत्येक पानावर उतरवील. मात्र मूळ नोंद एकाच जागी असल्याने ती एकदा दुरुस्त केली, की सर्व पानांवरील निर्देशही दुरुस्त होतात. हिंदुराव आणि हिंदूराव ही एकाच व्यक्तीची नावे आहेत, हे जोवर माणूस नोंदवून ठेवीत नाही तोवर यंत्राला ती दोन माणसेच वाटणार.

आज्ञा रचणाऱ्याचे काम जुन्या सूचिकाराच्या कामाचेच पुढचे पाऊल आहे. घटक वेगळे ओळखावयाचे, त्यांचा क्रम ठरवावयाचा, अपवाद आधीच हेरावयाचे आणि हे सर्व अशा रीतीने की वाचकास त्या खटाटोपाची जाणीवही होऊ नये. वाचकाने टिपेतील नाव व लेखांक टिपून घ्यावा, ग्रंथालयात जाऊन तो खंड उघडावा आणि तेथे ते पत्र त्याला सापडावे, एवढीच अपेक्षा. ते सापडले म्हणजे आज्ञा बरोबर रचली गेली असे समजावे.